वांगं तोडायचं कधी, आणि त्याच्या आधीचं-नंतरचं सगळं

वांग्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कडू लागतं, बियाच बिया दाताखाली येतात, साल चिवट असते, तेल कितीही घाला, पिऊन बसतं. ऐकणारा लगेच उपाय सांगतो: मिठाच्या पाण्यात ठेव, साल काढ, आच कमी कर. बहुतेक वेळा स्वयंपाक करणाऱ्याचा काही दोष नसतो. वांगं जून होतं, एवढंच.

विकतच्या वांग्यापुढे आपला इलाज चालत नाही. ते कधी तोडलं, किती दिवस पडून होतं, कोण सांगणार? घरचं झाड असेल तर कात्री कुठल्या दिवशी चालवायची हे आपण ठरवतो. माझ्या मते घरी वांगी लावण्याचं खरं कारण हेच. पैसे वाचतील म्हणून कुणी लावत असेल तर माती, खत, पाणी आणि आपले कष्ट धरून एकदा हिशेब मांडावा, म्हणजे तो विचार आपोआप सुटेल.

पुढे जे लिहिलंय ते वाफ्याला आणि गच्चीवरच्या कुंडीला सारखंच लागू आहे. फरक असेल तिथे सांगते.

आधी ताट, मग बी

बी घेण्याआधी स्वतःला विचारायचं की घरात वांगं खाल्लं जातं ते कसं. भाजून भरीत करायचं असेल तर मोठं, गरदार, कमी बियांचं फळ देणारी जात हवी. अख्खं भरून शिजवायचं असेल तर लिंबाहून थोडी मोठी, गोल, घट्ट वांगी. रोजच्या घाईच्या भाजीला लांब, बारीक जात सगळ्यात सोयीची. साल पातळ, शिजायला वेळ लागत नाही आणि चिरायलाही सोपी.

कुंडीत लावणार असाल तर माझा आग्रह लहान फळाच्या जातीचा. मोठ्या फळाच्या झाडावर एका वेळी तीन-चार फळं असतात आणि ती पोसण्यातच झाडाचा जीव जातो. लहान फळाचं झाड सतत देत राहतं. दर चार-सहा दिवसांनी एक भाजी निघते. थंड मुलुखात, जिथे उन्हाळा लहान असतो, तिथेही लहान आणि लवकर धरणारीच जात घ्यावी. मोठं फळ तयार होईपर्यंत हवा फिरते.

रंगावर जाऊ नका. जांभळं, हिरवं, पांढरं, रेघांचं, सगळी एकाच जातकुळीतली. पांढऱ्याची साल बहुधा जाड असते, एवढं लक्षात असू द्या. पुढच्या वर्षी घरचंच बी धरायचं असेल तर संकरित बी घेऊ नका. त्याच्या बियांतून तसंच झाड येईल याची खात्री नसते.

बी, रोप, माती

वांगं हे उबेचं झाड आहे. टोमॅटो, मिरची आणि बटाट्याच्या कुळातलं असलं तरी थंडी सगळ्यांत कमी यालाच सोसते. बी रुजायला माती 24 ते 30 अंश सेल्सिअस हवी. तेवढी ऊब असेल तर आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. 18 अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि माणूस रोज माती उकरून बघत बसतो. थंडीत ट्रे घरातल्या उबदार जागी ठेवा, पण कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात आणा. नाहीतर रोपं उंच, बारीक, आडवी पडणारी होतात.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नको. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं घेते मी. पाणी खालच्या ताटलीतून द्यावं. वरून ओतलं आणि हवा कोंदट असली की रोपं जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात. तशी पडलेली रोपं वाचत नाहीत, काढून टाका आणि ट्रेला वारा लागू द्या.

चार-पाच खरी पानं (बीतून निघालेली पहिली दोन सोडून) आली आणि रोप वीतभराच्या आत असलं की लावणीला तयार. साधारण पाच-सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. आधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हाची सवय करायची. लावणी संध्याकाळी करावी, आणि रात्रीचं तापमान 15 अंशांच्या खाली जात असेल तर मुळीच घाई करू नये. थंड मातीत लावलेलं रोप मरत नाही, पण रुसून बसतं, आणि मागाहून लावलेलं त्याच्या पुढे निघून जातं.

टोमॅटोचं रोप आपण गळ्यापर्यंत पुरतो, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. वांग्याचं खोड त्या बाबतीत आळशी आहे. ट्रेत जेवढं खोल होतं तेवढंच लावा.

वाफ्यात दोन रोपांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला ते फार वाटतं. दोन महिन्यांनी कमी वाटेल. कुंडी किमान 15 लिटरची, जमलं तर 20 ची, आणि एका कुंडीत एकच झाड. इथे लोक हमखास दोन लावतात. दोन लावून एकाएवढीच वांगी मिळतात आणि पाणी मात्र दुप्पट लागतं. ऊन सहा ते आठ तास. त्याहून कमी ऊन असेल तर तिथे पालेभाजी लावावी.

माती पाण्याचा निचरा होणारी, भरपूर कंपोस्ट मिसळलेली, सामू (pH) 5.5 ते 6.8 च्या दरम्यान. जिथे मागच्या खेपेला टोमॅटो, बटाटा, मिरची किंवा वांगंच होतं तिथे पुन्हा वांगं नको. या सगळ्यांना मर लावणारे रोग मातीत दबा धरून असतात. तीन-चार वर्षं जागा बदलती ठेवली तर ते आटोक्यात राहतात. कुंडीवाल्यांनी माती बदलावी किंवा त्या मातीत दुसऱ्या कुळाची भाजी घ्यावी.

पाणी आणि खत

पाणी रोज थोडं शिंपडण्यापेक्षा एकदा सावकाश, खोलवर द्यावं. बोटाची दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. दुपारच्या उन्हात पानं मान टाकतात, त्याने घाबरू नका. ऊन कललं की ती उभी राहतात. सकाळी सकाळीच पानं लोंबत असतील तर मात्र माती बघा. माती ओली असूनही झाड लोंबतंय म्हणजे मुळाशी रोग आहे, आणि अशा वेळी आणखी पाणी घालणं हा उपाय नव्हे.

पाण्याची ओढ बसलेल्या झाडाची वांगी कडवट होतात. कडूपणाचं हे दुसरं कारण, जूनपणाच्या खालोखाल. म्हणून वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं तीन बोटं जाड आच्छादन बुंध्याभोवती हवंच. खोडाला मात्र चिकटवू नका, वितीएवढी नाही तरी दोन बोटं जागा सोडा.

खताचं सोपं आहे. लावणीच्या वेळी कंपोस्ट, मग दर तीन आठवड्यांनी दोन ओंजळी गांडूळखत किंवा कंपोस्ट, हलकं मातीत मिसळून. झाड हिरवंगार, पानं हाताच्या पंजाहून मोठी, आणि फूल नाही? नत्र जास्त झालंय. महिनाभर काही देऊ नका. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी वगैरे जे चालतं त्यात मला काही अर्थ दिसत नाही. सालं कंपोस्टात टाका, तिथे ती कामाला येतात.

गुडघ्याएवढं झालं की काठीला बांधा. फळ धरल्यावर काठी खोचली तर मुळं तुटतात, त्यामुळे काठी रोपाबरोबरच लावलेली बरी. पहिलं खोड जिथे दुभंगतं त्याच्या खालचे फुटवे काढून टाका. पहिलं फूल झाड अगदी लहान असताना आलं तर मी खुडते. घरात कुणाला ते पटत नाही, पण झाड त्यानंतर नीट पसरतं.

फूल गळतं तेव्हा

फुलं येतात आणि गळतात, यावर सगळ्यात जास्त विचारणा होते. तेव्हा जरा थांबून फूलच बघू या.

सकाळी एक उमललेलं फूल खालून वर बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ आहे आणि त्याच्या मधून एक हिरवट टोक डोकावतंय. ते स्त्रीकेसर. हे टोक पुंकेसरांच्या बाहेर आलेलं असेल तर फूल धरण्याची शक्यता चांगली. टोक आतच दडलेलं, दिसतच नाही, असं असेल तर ते फूल बहुधा गळणार, आणि ते गळू द्यायचं असतं. एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात. झाड उपाशी किंवा तहानलेलं असलं की दुसऱ्या तऱ्हेची वाढतात.

आता पुंकेसराच्या शेंड्याकडे बघा, तिथे बारीक छिद्रं दिसतील. पराग त्या छिद्रांतूनच बाहेर पडतात, आणि तेही फूल थरथरलं तर. भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग खाली सांडतात. मधमाशीला ही कला येत नाही. उंच मजल्यावरच्या गच्चीत भुंगा आलाच नाही तर ते काम आपण करायचं: सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलाच्या देठावर मागच्या बाजूने नखाने दोन-तीन टिचक्या. बॅटरीचा टूथब्रश असेल तर त्याची पाठ देठाला क्षणभर टेकवा, पिवळी धूळ उडालेली उन्हात दिसते. फुलाचे पराग त्याच फुलाला चालतात, दुसरं झाड शोधायची गरज नाही.

एवढं करूनही गळत असतील तर हवेकडे बघा. दिवसा 35 च्या वर किंवा रात्री 15 च्या खाली पारा गेला की फळ धरत नाही. त्यावर औषध नाही. कडक उन्हात दुपारची सावली करा, पाणी चुकवू नका आणि वाट बघा.

अळी, भुंगेरे आणि बाकीचे पाहुणे

गरम हवेत वांग्याचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. हिची पहिली खूण फळावर नसते. बाकी झाड टवटवीत आणि एखादाच कोवळा शेंडा मान टाकून लोंबतोय, असं दिसलं की समजायचं, आत अळी आहे. त्या शेंड्याच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर, निरोगी खोडापर्यंत कापायचं. कापलेला तुकडा उभा चिरलात तर आत गुलाबीसर अळी आणि तिची घाण दिसेल. तो तुकडा कंपोस्टात नको. चिरडून, साबणाच्या पाण्यात बुडवून टाका. फळाला बारीक भोक दिसलं तर तेही तोडा. ते भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. ती खाली वाळक्या पानांत कोष करते. म्हणजे झाडाखालची किडकी फळं आणि कुजकी पानं रोजच्या रोज उचलणं हे फवारणीहून मोठं काम. अळी एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं कडुनिंबाचं तेल तिच्यापर्यंत पोचत नाही.

कडुनिंबाचं तेल उपयोगी पडतं ते मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर. एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर तेल आणि साबणाचे काही थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. उन्हात फवारलं तर पानं करपतात. कोरड्या हवेत पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची झाली आणि खाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी उरली असेल तर ठिपक्यांचे भुंगेरे आले आहेत. पान उलटून पिवळ्या अंड्यांचे पुंजके चिरडावेत. थंड भागात उड्या मारणारे इवलेसे काळे भुंगेरे पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडतात. रोप लहान असतानाच जाळीच्या कापडाने झाकलं तर पुढे मोठं झाड त्यांना भीक घालत नाही. फुलं लागली की कापड काढायला विसरू नका.

आणि एक रोग. पानं अचानक बारीक बारीक, गुच्छागुच्छाने यायला लागतात, झाड झुडपासारखं होतं, फळ धरत नाही. याला बोकड्या म्हणतात. तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि बरा होत नाही. झाड उपटा. जीव होत नाही, मला ठाऊक आहे, पण शेजारच्या झाडांसाठी उपटा.

तोडणी

आता मुद्द्याचं. लावणीपासून दोन ते अडीच महिन्यांत पहिलं फळ मिळतं. फूल धरल्यापासून साधारण तीन आठवडे, जातीप्रमाणे कमीजास्त. दिवस मोजत बसण्यापेक्षा फळ बघा.

साल चकचकीत हवी, उजेडाचा ठिपका त्यावर दिसला पाहिजे. सालीची झळाळी मंदावली की वांग्याने आतून बी धरायला घेतलं. मग अंगठ्याने हलकं दाबा. दाबलेला खळगा लगेच भरून आला तर तोडण्याची वेळ झाली आहे. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. दाबलंच जात नाही, दगडासारखं आहे, तर अजून कोवळं. दोन दिवस थांबा, किंवा थांबू नका. कोवळं वांगं वाया जात नाही, जून जातं. आमच्या सासूबाई झाडापाशी वाकून एकेका वांग्याला अंगठा लावत जायच्या आणि कुणी "अजून मोठं होईल की" म्हटलं तर उत्तरही द्यायच्या नाहीत.

मोठं होईलच, त्यात वाद नाही. जात जेवढी वाढते त्याच्या दोन-तृतीयांश आकाराला मी तोडते. शेजारणीला ते बघवत नाही; तिची वांगी माझ्याहून मोठी असतात आणि कमी असतात. कारण सोपं आहे: झाडाचं काम बी करणं. एका फळात बी तयार झालं की झाडाच्या दृष्टीने काम उरकलं, नवी फुलं मंदावतात. फळं कोवळी तोडत राहिलं की झाड फुलत राहतं.

ओढून तोडू नका, फांदी सोलून निघते. कात्रीने, दोन सेंटिमीटर देठ ठेवून. टोपीला काटे असतात, बारीक पण रक्त काढणारे. सकाळी तोडावं. त्याच दिवशी शिजवणार नसाल तर घरात गार जागी एक-दोन दिवस राहतं. फ्रिज वांग्याला मानवत नाही. 10 अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की सालीवर खड्डे पडतात आणि आतल्या बिया तपकिरी होतात. ठेवायचंच असेल तर कागदात गुंडाळून भाजीच्या खणात, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

शिजवताना

ताज्या, कोवळ्या वांग्याला साल काढायची, मिठात ठेवायची गरज नाही. चिरल्यावर काळं पडू नये म्हणून पाण्यात टाकतो, तेवढं पुरे. मीठ लावण्याचा खरा उपयोग निराळा आहे, तो तेलासाठी. वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, पेशींच्या मध्ये हवाच हवा. कढईत पडला की पहिल्या मिनिटात तेल त्या हवेच्या जागी शिरतं. म्हणून आपण आणखी तेल ओततो, आणि वांगं शिजून बसलं की तेच तेल तवंग होऊन बाहेर येतं. उपाय असा की तेलात घालण्याआधी त्या पोकळ्या बसवायच्या. अर्धा किलो फोडींना चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी पिळून टाका, कोरडं पुसा. किंवा फोडी पाच मिनिटं वाफवा. मायक्रोवेव्ह असेल तर चार-पाच मिनिटांत तेच होतं. मग निम्म्या तेलात भागतं.

काप करायचे तर बोटभर जाड, वरच्या रीतीने मीठ लावून पुसलेले. तवा चांगला तापल्यावर तेल, आणि काप एकमेकांना चिकटू न देता. एक बाजू तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही. सारखे उलटत बसलात तर ते शिजतात, खरपूस होत नाहीत.

भाजण्यासाठी मोठं वांगं. टोपी ठेवा, ती धरायला लागते. सुरीने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर शेगडीभर उडतो. त्या टोचलेल्या जागी लसणाच्या पाकळ्या खुपसल्या तर लसूणही आतल्या आत भाजून निघतो. सालीला तेलाचं बोट लावा. थेट आचेवर, मध्यम, दर दोन मिनिटांनी फिरवत. पंधरा-वीस मिनिटं. लोक साल काळी झाली की उतरवतात. साल पाच मिनिटांतही काळी होते. बघायची जागा देठाची आहे. तिथला गर सगळ्यांत उशिरा शिजतो. देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली आणि वांगं स्वतःच्या वजनाने खाली बसलं की झालं. ओव्हनमध्ये 220 अंशांवर पाऊण तास लागतो. शिजतं उत्तम, पण धुराचा वास येत नाही. तो हवा असेल तर शेवटची दोन मिनिटं आचेवर धरा.

भाजलेलं वांगं भांड्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नका, धुराची सगळी चव मोरीत जाते. बोटं ओली करून सोला. दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. गर चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. मग सुरीने किंवा हाताने मोडा. मिक्सर नको, त्यात गराची खळ होते आणि बिया चिरडून कडवटपणा उतरतो. पुढे कांदा, मिरची, लसूण, दही, जे घालत असाल ते घाला. मीठ शेवटी आणि बेताने; निथळलेल्या गराला थोडं पुरतं.

भरून करायची वांगी लहान, एकाच आकाराची निवडा, म्हणजे एकदमच शिजतात. देठ ठेवून अधिक-चिन्हासारखे दोन छेद, देठापर्यंत पण आरपार नाही. छेद उघडून उजेडात बघा. घरची वांगी आहेत, अळी पाहुणी असू शकते. मीठपाण्यात दहा मिनिटं, मग पालथी घालून कोरडी. मसाला तुमच्या घरचा, फक्त तो दाबून भरा आणि उरलेला बाजूला ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर वांगी एका थरात लावून मंद आच. झाकणावर खोलगट ताटलीत पाणी ठेवा: खाली वाफ धरते, वरचं पाणी कोमट होतं, आणि रश्शाला लागेल तसं तेच घालता येतं. गार पाणी मात्र मध्येच ओतू नका.

आंबट शेवटी. चिंच असो, टोमॅटो असो, आंबटाने वांग्याचा गर घट्ट राहतो, शिजायला वेळ लावतो. देठाशी सुरी सहज गेल्यावरच आंबट घाला. जांभळा रंग टिकवायचा तर फोडी आधी गरम तेलात सालीच्या बाजूने घाला. पाण्यात उकळल्या तर रंग पाण्यात उतरतो आणि साल मातकट होते.

पानं आणि कोवळे दांडे खायचे नाहीत, त्यांत या कुळातली विषारी द्रव्यं असतात. वांगं खाल्ल्यावर कुणाच्या जिभेला, ओठाला खाज येत असेल तर त्याला आग्रह करू नये.

झाड दमल्यावर

चार-पाच महिन्यांनी फळं लहान, पानं खरबरीत होऊ लागतात. झाड निरोगी असेल आणि पुढे उबेचे दोन-तीन महिने बाकी असतील तर उपटू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून बाकी छाटा, दोन ओंजळी कंपोस्ट घाला, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत नवे फुटवे येतात. त्यातले तीन-चार जोमदार ठेवायचे. वांगं मुळात बहुवर्षायू आहे, थंडीने करपलं नाही तर पुन्हा फळतं. दुसऱ्या खेपेची वांगी थोडी लहान येतात, चवीला कमी नसतात.

बी धरायचं तर जोमातल्या झाडावरचं एक देखणं फळ ठरवून त्याच्या देठाला दोरा बांधा, नाहीतर कुणीतरी ते भाजीत घालतंच. एका झाडावर एकच, तोडणी आवरत आली की. ते पिवळट-तपकिरी, मऊ होईपर्यंत झाडावर राहू द्या. मग तोडून आठवडाभर घरात ठेवा, चिरा, बियांचा भाग पाण्यात कुस्करा. चांगलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. तळाचं धुऊन सावलीत, ताटलीवर पसरून वाळवा. कागदावर पसरलं तर चिकटतं. कोरड्या, गार जागी चार-पाच वर्षं टिकतं. पुडीवर जात आणि साल लिहा. वांग्याचं आणि मिरचीचं बी शेजारी ठेवलं तर पटकन ओळखू येत नाही.